तळ्यात किडे आणून सोडावेत का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रिया झोंबली, पण मुद्द्याची आहे. ‘नवं तळं केलंत की थांबा, किडे आपणहून येतील’ हा माझा सल्ला तुम्हाला निव्वळ आळस वाटतो. डास काही थांबत नाहीत, तेव्हा जुन्या तळ्यातला बादलीभर गाळ आणून ओतावा, डासांच्या अळ्या खाणारी चतुरांची पिल्लं आणि उताणे पोहणारे पाणकिडे एका फेरीत मिळतील, असं तुमचं म्हणणं.

डासांचं खरंच आहे. उबदार पाण्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पण बादलीत हवं तेवढंच येत नाही हो. बेडकांचा जीव घेणारी कायट्रिड बुरशी, नको त्या गोगलगाई, पुढे अख्खं तळं झाकून टाकणाऱ्या वनस्पतीचा नखाएवढा तुकडा, काहीही त्या गाळात असू शकतं. आणि एकदा शिरलेलं सहसा निघत नाही.

शिवाय या किड्यांना पाणी शोधून द्यावं लागत नाही. पाण्यावरून परावर्तित झालेला ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश, त्यांना ओळखता येतो. या खुणेवर त्यांची इतकी भिस्त, की चतुर कधीकधी चकचकीत गाडीच्या टपालाही पाणी समजून तिथे अंडी घालायला जातात!

चतुराचं पिल्लू एकदा जवळून बघाच. खालचा ओठ दुमडत्या हातासारखा चेहऱ्याखाली घडी घातलेला. डासाची अळी टप्प्यात आली की तो झपकन पुढे येतो आणि अळी गायब. स्वतःवर बेतलं तर मागच्या बाजूने पाण्याचा झोत सोडून पसार. मात्र असली पिल्लं दाटीवाटीने सोडलीत, तर ती एकमेकांनाही खातात.

त्यापेक्षा काठ उतरता ठेवा आणि पाण्याबाहेर डोकावणारे देठ लावा. पंख फुटायच्या वेळी पिल्लू त्यावरच चढून कात टाकतं. तोवर डासांसाठी बीटीआय हे जिवाणूजन्य औषध पाकिटावरच्या प्रमाणात वापरा. चतुरांच्या पिल्लांना त्याने धक्का लागत नाही.

तळ्यात मासे आहेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. डासांसाठी म्हणून गप्पी किंवा गॅम्बुसिया सोडले असतील, तर आधी त्यांचं बघा. लहान पाणकिडे त्यांना खाद्यच. गॅम्बुसिया तर डास मारायला म्हणून जगभर नेला गेला आणि आज सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत आहे. मासे असतील, तर बादलीतून आणलेले किडे तरी किती टिकणार?