इंग्रजी सुधारून मिळेल, तेही फुकट

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी साडेसहाला मेसेज पडतो: 'वॉटर इज नॉट कमिंग सिन्स टू डेज. प्लीज डू समथिंग.' लिहिणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. तुमच्याही घरी नळ कोरडाच आहे, पण डगमगू नका. टँकर आधी की व्याकरण आधी, असा पेच पडला की व्याकरण. लगेच टाका: 'काकू, सिन्स मंडे म्हणतात, पण फॉर टू डेज. आणि इज नॉट कमिंग नव्हे, हॅजन्ट कम.' सोबत हात जोडलेला इमोजी हवाच; पाणउतारा कसा अदबीने झाला पाहिजे. पाणी नाही हे त्या दोन ओळींतून अख्ख्या बिल्डिंगला कळलं, सेक्रेटरीलासुद्धा, हा विचार मनात आणू नका. लोकांना कळलं म्हणजे झालं, असं एकदा मान्य केलं की आपल्याला विचारतो कोण?

माणूस मात्र पारखून घ्या. मुलाखतीला परभणीहून रात्रीच्या गाडीने आलेला पोरगा उत्तम. तो 'मायसेल्फ अमुक तमुक' म्हणाला रे म्हणाला, की शेजारच्या परीक्षकाकडे बघून गालात हसा. 'आय अ‍ॅम हॅविंग टू सिस्टर्स' आलं की थांबवा: हॅव म्हणजे 'असणे', तिथे आयएनजी लागत नाही. 'आय डिडन्ट वेंट' आलं की पुन्हा थांबवा: डिड आला की पुढे नुसतं गो. 'वन ऑफ माय फ्रेंड' म्हणाला तर फ्रेंड्स म्हणवून घ्या. त्याला कोडिंग येतं का, हे वेळ उरला तर विचारा. तिसऱ्यांदा अडवल्यावर त्याचं इंग्रजीच काय, स्वतःचं नावही अडखळायला लागेल. मग शेऱ्यात लिहा, 'आत्मविश्वासाचा अभाव'.

गोऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. एखादा गोरा गायक 'शी डोन्ट लव्ह मी' म्हणतो तेव्हा ती चूक नसते, तो बोलीचा बाज असतो. डझन्ट हवं होतं, हे आपण फक्त आपल्या माणसांना सांगायचं.

खरे नियम संपले म्हणून काम थांबवायचं कारण नाही, ठेवणीतले आहेत. वाक्याच्या शेवटी विथ, ऑफ, फ्रॉम येता कामा नये, हा त्यातला अगदी खानदानी. १६७२ मध्ये इंग्रज कवी जॉन ड्रायडनने नाटककार बेन जॉन्सनच्या लिखाणात ही खोट काढली आणि पुढे स्वतःचाच जुना निबंध उघडून त्यातली असली शेपटं छाटत बसला. इंग्रज आजही बिनदिक्कत शेपटासकट बोलतात, ते सोडा. घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. ड्रायडनने चूक काढली तेव्हा जॉन्सनला जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. उलटून बोलू न शकणारा माणूस कसा निवडावा, हे थोरांकडून शिकावं.

आता राहिले तुमचे साहेब. त्यांचा मेल येतो: 'लेट्स डिस्कस अबाउट द अपडेशन. काइंडली रिव्हर्ट बॅक.' डिस्कसला अबाउट लागत नाही, प्रमाण इंग्रजीत अपडेशन असा शब्द नाही, रिव्हर्टमध्येच बॅक आहे. तीन चुका, त्याही एका दमात. चष्मा पुसा, मेल पुन्हा वाचा, आणि दोन मिनिटांच्या आत उत्तर पाठवा: 'शुअर सर. विल डिस्कस अबाउट इट अँड रिव्हर्ट बॅक.'