‘मग रात्री एक वाजता करायचं काय?’ : एका इंदूरकर काकांना उत्तर

मी पशुवैद्य. आजारी आणि जखमी कुत्र्या-मांजरांवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली ‘एक जुना इंदूरकर’ या नावाने लांबलचक प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात : आमच्या लहानपणी वाड्यातली कुत्री-मांजरं हळद-तेलावर बरी व्हायची. आता नख तुटलं तरी रक्त तपासा, एक्स-रे काढा. लेखभर ‘घरचं औषध देऊ नका’ हे एकच पालुपद. रात्री एक वाजता जनावर विव्हळतंय, दवाखाने बंद, फोन कोणी उचलत नाही, तेव्हा माणसाने काय करायचं त्याबद्दल अवाक्षर नाही. लोकांना घाबरवायचं आणि दवाखाना चालवायचा, असा हा उद्योग.

काका (वाडा आठवतोय म्हणजे काकाच म्हणते), घाबरवते हे खरं आहे. मांजराच्या बाबतीत तर मुद्दाम घाबरवते.

तुम्ही लिहिलंय, ‘पाव गोळीने काय होतं?’ हिशेबच करू. साठ किलोचा माणूस ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल घेतो तेव्हा त्याला किलोमागे साधारण आठ मिलिग्रॅम मिळतं. चार किलोच्या मांजराला त्याच गोळीचा पाव तुकडा दिला तर किलोमागे एकतीस. म्हणजे आपण ज्याला ‘थोडंसं’ म्हणतो ते माणसाच्या जवळजवळ चौपट झालं. आणि वजनाचा हिशेब जुळवला तरी सुटका नाही. हे औषध निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची जी सोय आपल्या यकृतात आहे, ती मांजराच्या यकृतात जेमतेमच असते. औषधाचं विष होतं आणि ते रक्तातल्या तांबड्या पेशींवर जातं. हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. विषावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत द्यावा लागतो, आणि त्या तासांत घरचे ‘गोळी दिलीय, आता झोपलीय’ म्हणून निश्चिंत असतात.

औषध तेच, प्राणी बदलला की परिणाम बदलतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्या डोळ्यांदेखत घडलं. डायक्लोफेनॅक. गुडघेदुखीला आपण घेतो, गुरांनाही सर्रास टोचायचे. ती गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन गिधाडांच्या किडन्या बंद पडल्या आणि आभाळातून गिधाडं जवळजवळ नाहीशी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. गुरांना चाललेलं औषध गिधाडांना चाललं नाही. मग माणसाला चाललेलं मांजराला चालेल, हे कशावरून?

कुत्र्यांचं थोडं वेगळं. काही कुत्र्यांना पॅरासिटामॉल आम्हीही देतो, मोजून-मापून, बघून. पण आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या घराघरांतल्या गोळ्यांनी त्यांच्या जठराला जखमा होतात, किडनीवर ताण येतो. आणि खरा घोटाळा पुढेच आहे. तुम्ही रात्री घरची गोळी दिलीत, सकाळी मी विचारलं ‘काही दिलंय का?’, तुम्ही रागावेन म्हणून ‘नाही’ म्हणालात. मी माझं दुखण्यावरचं इंजेक्शन दिलं. एकाच जातीची दोन औषधं एकावर एक पडली. दोन दिवसांनी काळी शी, रक्ताची उलटी, आणि तुम्ही म्हणणार, डॉक्टरच्या इंजेक्शनने बिघडलं. तुमच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. म्हणून दिलं असेल तर दिलं म्हणून सांगा. पाकीटच घेऊन या. कोणी डॉक्टर त्यावरून तुमच्यावर ओरडत असेल तर ओरडू द्या, पण सांगा.

हळदीशी माझं भांडण नाही. वरवर खरचटलं असेल, तर धुऊन लावा चिमूटभर. पण दुसऱ्या कुत्र्याने चावलेली जखम बाहेरून डाळीएवढी दिसते आणि आत कातडी मांसापासून सुटलेली असते. त्या भोकावर हळद-तेलाचा लेप बसला की वर खपली धरते आणि आत पू साठतो. त्याऐवजी उकळून गार केलेलं पाणी, एका लिटरला चहाचा दीड सपाट चमचा मीठ, आणि सुई काढलेल्या सिरिंजने भरपूर धार. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडल्या तर फिनेल, रॉकेल, पेट्रोल ओतू नका. ते कुत्रं चाटतं, आणि मग जखम राहते बाजूला. हातमोजे घाला. चावणारं कुत्रं रस्त्यावरचं असेल तर स्वतःचे हात साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हाताला चीर असेल तर माणसांच्या डॉक्टरांना विचारा, आणि आपल्या कुत्र्याला आधी रेबीजची लस दिलेली असली तरी चावल्यानंतरच्या डोसांबद्दल आम्हाला विचारा. वाड्यातल्या कुत्र्यांची आठवण मला मान्य आहे, पण जी बरी झाली तीच आठवणीत राहिली. उरलेल्यांबद्दल ‘कुठे तरी निघून गेलं’ एवढंच सांगायचे.

तपासण्यांबद्दल तुमचा राग काही अंशी योग्य आहे. सरसकट यादी हातात ठेवणारे दवाखाने आहेत. पण एक नेहमीचा प्रसंग सांगते. कुत्र्याच्या नाकातून रक्त येतं, घरचे म्हणतात उन्हाने घोळणा फुटला. इंदूरच्या मे महिन्यात ते पटतंही. रक्त तपासलं की कळतं, गोचीडतापाने प्लेटलेट्स तळाला गेल्यात. त्या कुत्र्याला न तपासता दुखण्याची सुई दिली तर रक्त थांबायचं ते वाढेल. खर्चाचं म्हणाल तर पहिल्याच वाक्यात सांगा : ‘डॉक्टर, माझ्याकडे आज एवढे आहेत, यात कुठली तपासणी आजच हवी आणि कुठली थांबेल?’ लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. जो डॉक्टर याचं सरळ उत्तर देत नाही, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.

आता तुमचा रात्री एकचा प्रश्न. तो रास्त आहे, आणि इतक्या मोठ्या शहरात रात्री उघडे दवाखाने बोटांवर मोजण्याइतके असावेत हेही वाईटच. इंदूरजवळच्या महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून आहे, मोठं आहे, पण मध्यरात्री तिथवर गाडी पळवण्याआधी फोन करून खात्री करा. १९६२ या नंबरची फिरती पशुचिकित्सा गाडी मुख्यतः गुराढोरांसाठी आहे. मध्यरात्रीच्या मांजरासाठी तिच्यावर विसंबू नका. रात्री कोण उघडं असतं हे आजच, सगळं ठीक असताना, शोधून फ्रिजवर चिकटवा.

मग रात्री जनावर विव्हळू लागलं की आधी ओठ वर करून हिरडी बघा. बोटाने दाबा, सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी झाला तर बरं. (काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तेव्हा खालची पापणी ओढून आतला रंग बघा.) हिरडी पांढरी, निळसर किंवा विटकरी लाल दिसली तर सकाळची वाट बघू नका. बोका पुन्हा पुन्हा मातीत बसतोय, कण्हतोय, थेंबही येत नाही, तर त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका. लघवी तुंबलीय. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं, एक-दोन दिवसांत. हे ‘सोमवारी दाखवू’ वाल्यांपैकी नाही. मोठ्या जातीचं कुत्रं जेवणानंतर ओकाऱ्या काढतंय, पडत काही नाही आणि पोट टम्म झालंय, तर तासांचा प्रश्न आहे. नसबंदीचं ऑपरेशन न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, सुस्त झाली, तर गर्भाशयात पू असू शकतो. लस न झालेल्या पिल्लाची उलटी-हगवणही लगेच दाखवायची. याउलट, एकदा उलटी झाली पण शेपूट हलतंय, किंवा लंगडतंय पण पाय टेकतंय आणि जेवतंय, तर खुशाल सकाळी या.

फिट आली तर नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नका, तोंडात चमचा घालू नका. दिवा मालवा, आजूबाजूचं सामान सरकवा, घड्याळ बघा आणि मोबाईलवर व्हिडिओ काढा. पाच मिनिटांच्या वर गेली तर निघा. काही विषारी खाल्लं असेल तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नका, मिठानेच जीव जाऊ शकतो. गाडीखाली आलेल्याला काखोटीला मारून अ‍ॅक्टिव्हावर बसवू नका. फळी नाहीतर जाड चादर, चार कोपरे दोघांनी धरायचे. दुखणारं कुत्रं धन्यालाही चावतं, म्हणून तोंडाला ओढणी बांधा, पण धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर नाही. बेशुद्धाच्या तोंडात पाणी सोडणं ही सगळ्यात प्रेमाने केली जाणारी चूक आहे. ते फुप्फुसात जातं.

एवढं सगळं मागच्या लेखात यायला हवं होतं असं तुमचं म्हणणं असेल, तर तो लेख औषधांवर होता, आणि हा तुमच्यामुळे रात्रीवर झाला.

शेवटी एक. प्रतिक्रियेत मध्येच तुम्ही जाता जाता लिहिलंय की घरचा बारा वर्षांचा पॉमेरेनियन रात्री खोकतो आणि मधाने आराम पडतो. खोकला रिक्षाच्या भोंग्यासारखा येत असेल तर श्वासनलिका ढिली झाली असेल. पण या वयात आणि या जातीत हृदयाची झडप आधी तपासायला हवी. माणसांचं खोकल्याचं औषध देऊ नका, त्यातल्या काहींत तेच पॅरासिटामॉल असतं. तो गाढ झोपला की छाती किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. दोन-तीन रात्री मोजून कागदावर लिहा. आकडा तिसाच्या वर जात असेल तर दुसऱ्याच दिवशी दाखवा, माझ्याकडेच असं नाही, जवळ असेल त्या डॉक्टरांकडे. तो कागद घेऊन जा, खोकतानाचा व्हिडिओ असेल तर तोही. आणि फी आधी विचारा.