ओसाड माळ सुधारायचाय? मग हे वाचाच

तर तुम्हाला एखादं मोठ्ठं जुनं गवताळ रान दिसलंय आणि झाडं लावायला हात शिवशिवतायत. साहजिकच आहे, एवढी जागा अन् झाड नाही म्हणजे इथं पूर्वी जंगल असणार आणि कुणीतरी तोडलं असणार, झालं, आणखी पुरावा कशाला? शास्त्रज्ञ म्हणतात उष्ण प्रदेशातली गवताळ रानं ७०-८० लाख वर्षांपूर्वीच पसरायला लागली, कुऱ्हाड हातात धरणारा माणूस पैदा व्हायच्या कितीतरी आधी, आणि हे म्हणे हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांतल्या जुन्या मातीतल्या कार्बनच्या आयसोटोपवरून (म्हणजे कार्बनच्याच हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) कळतं. त्यांना काय, बसून माती तपासायची. आपल्याला टार्गेट आहे.

जायचं ते ऐन उन्हाळ्यात. सगळं वाळकं पिवळं दिसलं की 'ओसाड' म्हणायला जीभ अडखळत नाही. पाऊस पडून गेल्यावर चुकूनही जाऊ नका, गेलातच तर वाकून जाती मोजू नका. अर्जेंटिनातल्या डोंगराळ कुरणात एका चौरस मीटरमध्ये ८९ जातींच्या वनस्पती सापडल्यात, असले आकडे कळले की वृक्षारोपणाचा मूडच जातो.

खोदायचं तेही रोपाच्या खड्ड्यापुरतंच. ब्राझीलच्या सेराडो नावाच्या गवताळ रानात आणि आफ्रिकेच्या सव्हानात तर काही झाडंच्या झाडं जमिनीखाली असतात, वर नुसत्या वीतभर फांद्या, आगीत वरचं जळालं तरी खालून पुन्हा फुटतात, आता सांगा हे असलं झाड उद्घाटनाच्या फोटोत कसं घ्यायचं? कार्बनचंही तेच. गवताळ रानातला बहुतेक कार्बन मातीत असतो, पण तुम्ही खोडाचा घेर मोजा आणि मातीचा कॉलम रिकामा सोडा, कोण बघतंय.

माती हलकी वाटली तर दया येऊन खत टाका. इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८५६ पासून एका कुरणाचे तुकडे पाडून वेगवेगळी खतं टाकून बघतायत, बिनखताच्या तुकड्यात चाळीसेक जाती आणि अमोनियम सल्फेट भरभरून मिळालेल्या काही तुकड्यांत दोन-तीन. किती आटोपशीर!

मग कुंपण ठोका. आग बंद, चराई बंद. हे रान टिकलं ते जळून आणि चरून घेऊनच, त्यामुळे दोन्ही थांबवलं की झुडपं घुसतात, सावलीत गवत मरतं, आणि तुम्हाला अहवालात 'हरित आच्छादनात वाढ' असं ठसक्यात लिहिता येतं (सॅटेलाइटवरूनही छान हिरवं दिसतं हो). उघड्यावर घरटं करणारे पक्षी जातील कुठेतरी, पंख कशाला दिलेत?

आणि कुणी विचारलंच की नांगरलेलं रान परत कसं आणणार, तर बिनधास्त सांगा, गवत काय, एका पावसात उगवतं. उगवतंच, फक्त चार-दोन जातींचं. जुन्या रानातल्या बाकीच्या जाती परतायला शतकं लागतात, कुठेकुठे हजारो वर्षं, आणि तेवढ्यात तुमचं प्रमोशनही झालेलं असेल आणि पेन्शनही सुरू झालेली असेल, चौकशी कुणाची करणार?