‘मग जर्मनीत पाहिलंस काय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

जर्मनीतल्या आखेन शहरावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून ती आधी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की एवढा व्हिसा-तिकिटाचा खटाटोप करून मी गेले, तर जेमतेम एका शनिवार-रविवारला धरून. कोलोन तासाभरावर असून पाहिलं नाही, पॅरिसचं तर नावच नाही. आणि लिहिलं काय, तर मैत्रिणीच्या वसतिगृहातली वॉशिंग मशीन, रिकाम्या बाटल्या आणि मेन्सातलं, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीतलं, जेवण. वर, "शिकणाऱ्या पोरीचा वेळ खाल्ला अन् तिची गरिबी चव्हाट्यावर मांडली. इथले आईबाप घाबरतील, काहून असं लिहायचं?" शेवटी तुमच्या जर्मनीतल्या पुतण्याला फराळ पाठवण्याबद्दल विचारलंय, तेही घेते.

पैशाचा तुमचा हिशेब चोख आहे. शेंगेन व्हिसाचे ९० युरो दोन दिवस राहा की नव्वद दिवस, तेवढेच लागतात. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमाही मुक्काम कितीही असला तरी सक्तीचा. विमानाचं तिकीटही मुक्काम किती ते विचारून स्वस्त होत नाही. म्हणजे दिवसामागे खर्च काढला तर माझी सहल महागच पडली, आणि तुम्ही म्हणता तसं त्यात सहा देशांची टूर झाली असती. पण मी युरोप बघायला निघालेच नव्हते. तिला भेटायला निघाले होते. ती आखेनला होती म्हणून आखेन. रांचीला असती तर रांचीचं तिकीट काढलं असतं, आणि मग रांचीहून दार्जिलिंग का नाही केलं, असं कोणी विचारलं नसतं.

मुक्काम लहान ठेवला तो तिच्यासाठीच. ती एका इन्स्टिट्यूटमध्ये ‘हिवी’ आहे, म्हणजे प्राध्यापकांच्या प्रकल्पावर तासाच्या हिशेबाने काम करणारी विद्यार्थिनी. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला तिथे विद्यापीठाबाहेर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवसच काम करता येतं; हिवीचं काम त्या मर्यादेत धरत नाहीत. त्यात लेक्चर, लॅब, सबमिशन. अशा माणसाकडे आठवडाभर पथारी पसरली असती तर तुमचा आरोप मी मुकाट्याने मान्य केला असता. आपल्याकडे "राहा ना अजून दोन दिवस" हे ऐकल्याशिवाय पाहुण्याचा पाहुणचार पुरा होत नाही. तिच्या एका खोलीत, दुसऱ्या दिवशी सकाळी तिची लॅब असताना, ते वाक्य तिने म्हणू नये आणि मी ऐकू नये, हेच बरं. ती कामावर गेली की मी एकटी गावात फिरायचे. तिचा रविवार मी घेतला, हे खरं. त्यातही दुपार वॉशिंग मशीनपाशी गेली, कारण मशीनची वेळ आधीच लावलेली होती. ती मोडून मला किल्ला दाखवायला नेलं असतं तर पुढचा आठवडा तिने काय घातलं असतं?

आता ‘पाहिलं काय’. डोम, म्हणजे आखेनचं कॅथेड्रल, पाहिला. फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याने सन ८०० च्या सुमारास बांधवून घेतलेलं अष्टकोनी प्रार्थनामंदिर त्याच्या पोटात आहे. ८१४ मध्ये तो वारला तेव्हा त्याला तिथेच पुरलं, आणि पुढे ९३६ पासून १५३१ पर्यंत जर्मन राजांचे राज्याभिषेक तिथे झाले. युनेस्कोची जागतिक वारशाची पहिली यादी १९७८ ची, त्यात अवघी १२ ठिकाणं होती. त्यांत हे एक. मी मान वर करून सोनेरी घुमट बघत होते आणि ती शेजारी उभी राहून सोमवारच्या प्रेझेंटेशनचे मुद्दे पुटपुटत होती. ती दाराशी येऊन जाते, आत क्वचितच येते. आपण तरी दीक्षाभूमीच्या समोरून रोज गाडी नेतो, आत किती वेळा जातो?

बाजारचौकात आणि डोममागच्या पटांगणात ख्रिसमस बाजाराचे लाकडी गाळे ठोकत होते. बाजार उघडायला अजून अवकाश होता. तो बघायला पंधरा दिवस उशिरा यायला हवं होतं, असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा तिची परीक्षा होती, काका.

एलिझनब्रुन्नेन मात्र पोटभर पाहिलं, कारण ते तिच्या बसथांब्याच्या शेजारी. खांबांच्या मंडपाखाली गरम गंधकाचं पाणी वाहत असतं. सडक्या अंड्यासारखा वास, आणि शेजारी पाटी की हे पिण्याचं पाणी नाही. रोमन लोक याच पाण्यासाठी इथे येऊन राहिले. नोव्हेंबरच्या पावसात हात गारठलेले, त्यामुळे मी तिथे बोटं शेकत उभी राहिले. मे महिन्यात नागपूरच्या टाकीचं पाणी दुपारी नळाला येतं, तेव्हा आपण ते वाया जाऊ देतो. इथे त्यावर शहर उभं राहिलं.

आणि देश एकच पाहिला, हा आरोप तर मला साफ नामंजूर. गावातली साधी सिटी बस फाल्सला जाते, ते नेदरलँड्समध्ये. हद्द ओलांडली हे मला फोनवर आलेल्या मेसेजमुळे कळलं. तिथून चढ चढून गेलं की जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम एका दगडापाशी मिळतात. झिरो माईलच्या दगडाशेजारून कॉलेजला गेलेल्या माणसाला सीमेच्या दगडाचं अप्रूप असतंच. त्या टेकडीची उंची सुमारे ३२२ मीटर, आणि नेदरलँड्सच्या युरोपातल्या भूमीवर याहून उंच जागा नाही. नागपूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे. म्हणजे डच लोक ज्याला डोंगर म्हणून चढून जातात, जवळपास तेवढ्याच उंचीवर आपण बर्डीवर भाजी घेत असतो! आणखी एक गंमत: बेल्जियम स्वतंत्र झाल्यापासून १९२० पर्यंत तिथे चौथीही हद्द मिळत होती. जस्ताची खाण कोणाची यावर नेदरलँड्स आणि प्रशिया (तेव्हाचं जर्मन राज्य) यांचं जमेना, म्हणून १८१६ मध्ये मधला तुकडा दोघांनी तटस्थ ठेवला. मोरेस्ने त्याचं नाव. शंभर वर्षं तसाच राहिला.

हे सगळं मूळ लेखात दोन ओळींत उरकलं होतं, कारण ते कुठेही वाचायला मिळतं. तिचा महिन्याचा हिशेब मिळत नाही.

आणि गरिबीचं म्हणाल तर तिथेच माझं तुमच्याशी पटत नाही. आपल्याकडे ‘जर्मनीत फुकट शिक्षण’ असे फलक चौकाचौकांत आहेत. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे खरं. आखेनचं तंत्रविद्यापीठ १८७० पासूनचं आणि नावाजलेलं, तिथेही तिला ती भरावी लागली नाही. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. हे पैसे सरकार देत नाही. आईबापाचेच असतात, किंवा बँकेच्या कर्जाचे, आणि दर महिन्याला तेवढेच सुटतात. त्यातून वसतिगृहाची खोली मिळाली तर तीन-साडेतीनशे जातात, आरोग्य विम्याचे दीडशेच्या आसपास, सहामाही शुल्काचा वाटा पन्नासच्या वर. टीव्ही असो की नसो, प्रत्येक घरामागे प्रसारणाचे १८.३६ युरो. उरलेल्या सव्वाचारशे ते पावणेपाचशेत जेवण, फोन, थंडीचे बूट आणि वर्षातून एकदा नागपूरचं तिकीट.

हे कळलं की बाटल्या गोळा करण्यात गरिबी दिसत नाही. पाण्याची प्लास्टिकची बाटली घेताना २५ सेंट जास्त मोजलेले असतात; रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की परत मिळतात. तिथला प्राध्यापकही पिशवी भरून नेतो. रविवारी दुकानं बंद असतात म्हणून शनिवारी संध्याकाळी सगळं गाव पिठा-दुधाला पळतं, त्यात आम्हीही पळालो. मेन्सात तिला विद्यार्थ्याचा दर, मला पाहुणीचा जास्त दर. बटाटे भरपूर, तिखट नाही. तिने पिशवीतून मिरचीची चटणी काढली आणि शेजारच्या टेबलावरचे दोघे आपापली ताटं घेऊन आले. एक पुण्याचा, एक कोईमतूरचा. यात दीनवाणं काय आहे, सांगा? तिला महिन्याच्या शेवटी किती उरले ते सेंटपर्यंत ठाऊक असतं. पगारदार असून मला ठाऊक नसतं.

आईबाप घाबरतील म्हणता. घाबरू देत थोडे. जाण्याआधी घाबरलेले परवडतात.

तिला न विचारता लिहिलं, असं तुम्ही गृहीत धरलंत. लेख तिने आधी वाचला होता. दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. खोलीभाड्याचा आकडा राहू दे म्हणाली, "मला कोणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं."

आता फराळ. संत्रा बर्फी पाठवू नका. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाने सोबत न्यायला बंदी आहे, पार्सललाही तोच नियम. खव्याचं काहीच नको. संत्रीही नकोत, केळी, नारळ, खजूर, अननस आणि डुरियन सोडून बाकी ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. मी चिवडा, शंकरपाळे, मेतकूट आणि सावजी मसाला नेला होता. शंकरपाळे घरचे असतील तर दूध-तूप न घालता करा. मसाला दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर सगळे कपडे महिनाभर रश्श्याचा वास देतात. घरच्या माणसाने घरच्या माणसाला पाठवलेली भेट ४५ युरोंपर्यंत करमुक्त असते, तेव्हा पार्सलवर खरी किंमत लिहा आणि आतल्या वस्तूंची यादी इंग्रजीत लावा. ‘फराळ’ एवढंच लिहिलेली पेटी कस्टमवाले उघडून बघणारच.