मशीन मुद्दाम का पाडलं: साताऱ्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार सर,

लिनक्स मशीन पडलं तर त्याच्या मेमरीतला पुरावा जपून ठेवणारी सोय म्हणजे केडंप. ती चालते का हे बघायला मशीन मुद्दाम पाडा, असा लेख मी लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘चांगलं चालतं मशीन मुद्दाम क्रॅश करायला शिकवता. उद्या एखादं पोरगं मालकाच्या सर्व्हरवर हेच करून बसेल. तपासायचंच असेल तर प्लग काढा की! कुठलीही कंपनी असलं करायला सांगत नाही. तुमच्या सांगलीत पावसाळ्याआधी बोटी तपासतात, म्हणून कृष्णेला पूर आणतात का?’

बोटीचं वाक्य झकास. घरी वाचून दाखवलं, बायको तुमच्या बाजूने आहे.

पण बोट शांत पाण्यातही उतरवता येते. गळते का, इंजिन धरतं का, सगळं कळतं. केडंपला तसलं शांत पाणीच नाही. मशीन सुरू होतानाच रॅमचा एक तुकडा राखून ठेवतात आणि त्यात दुसरं छोटं कर्नल (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) तयार ठेवतात. मुख्य कर्नल पॅनिक होऊन पडलं की हे दुसरं, बायोसकडे न जाता, थेट त्याच्या जागी उभं राहतं आणि पहिल्याच्या रॅममध्ये जे शिल्लक आहे ते डिस्कवर उतरवतं. तोच डंप. पहिलं पडल्याशिवाय दुसरं उठतच नाही. म्हणून पाडायचं.

प्लग काढलात तर रॅमच पुसली जाते. पंचनाम्याआधीच मुडदा गायब! प्लग काढून वेगळी गोष्ट कळते: डिस्कने ‘लिहिलं’ म्हणून सांगितलं ते खरंच लिहिलं होतं का. तेही तपासावं, पण माझा प्रश्न तो नव्हता.

माझा प्रश्न मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातला. ऐन हळदीच्या सीझनमध्ये तिथलं मशीन दोनदा पडलं आणि दोन्ही वेळा डंपचा फोल्डर रिकामा. केडंपची सर्व्हिस मात्र पहिल्या दिवसापासून ‘तयार’ दाखवत होती. शेवटी एका रविवारी समोर बसून, मशीन पाडायला असते त्या ट्रिगर फाइलमध्ये ‘सी’ हे एक अक्षर लिहिलं. छोटं कर्नल उठलं, मेमरी संपली म्हणून ओरडलं आणि तेही मेलं. राखून ठेवलेले 128 एमबी त्याला पुरत नव्हते. 256 केले, परत पाडलं, डंप मिळाला. पंधरा दिवसांनी मशीन आपणहून तिसऱ्यांदा पडलं तेव्हा पुरावा हातात होता. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर निघाला. ‘तयार’ या शब्दावर विसंबून राहिलो असतो तर अजून रॅमच बदलत बसलो असतो.

पोरांची काळजी रास्त आहे, पण नुसती बटणं दाबून हे होत नाही. त्या ट्रिगर फाइलमध्ये लिहायला रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकार, लागतो. कीबोर्डवरून करायचं म्हटलं तर कुठल्या आज्ञा चालतील हे एका सेटिंगच्या आकड्यावर ठरतं. उबुंटू या लिनक्समध्ये तो मुळात 176 असतो, म्हणजे 128, 32 आणि 16 यांची बेरीज: रीबूट, डिस्क फक्त वाचण्यापुरती करणं आणि सिंक. क्रॅशसाठी 8 लागतो, तो त्यात नाही.

आणि कंपनीचं म्हणाल, तर मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये ही सोय स्वतःच दिली आहे. रजिस्ट्रीत ती चालू करायची, उजवीकडचं कंट्रोल दाबून धरायचं आणि स्क्रोल लॉक दोनदा दाबायचं. क्रॅशचा स्क्रीन येतो, त्यावर कारणही लिहितात: मॅन्युअली इनिशिएटेड क्रॅश.

आता तुमचा जो मुद्दा मला लागला तो. ‘चालतं मशीन’ म्हणालात. लेखात मी नुसतं ‘दुकान बंद असताना’ लिहून मोकळा झालो होतो. खरं म्हणजे त्या रविवारी दिवाणजी आतल्या खोलीत दुसऱ्या पीसीवरून, त्याच मशीनवर, शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या राहिलेल्या पट्ट्या भरत होते. मला पत्ताच नाही. मी आधी सिंक केलं होतं, पण सिंक डिस्कवर जायचं राहिलेलं लिहितं. दिवाणजींनी सेव्हच न केलेलं ते कुठून लिहिणार? एका शेतकऱ्याची अर्धी पट्टी गेली. हमाली, तोलाई, सगळं त्यांना पहिल्यापासून भरावं लागलं. मशीनवर कोण कोण आहे हे बघायला एक कमांड पुरते. ती मी दिली नाही, आणि लेखातही ती नव्हती.

आता ती लेखाच्या सुरुवातीलाच घातली आहे. सोबत हेही, की जोडीला तसंच दुसरं मशीन असेल तर आधी ते पाडा. अडत दुकानात ते नसतं, म्हणून मी सांगायचंच विसरलो.

दिवाणजी आता मी दुकानात शिरताना दिसलो की आधी सेव्ह करतात, मग चहा सांगतात.