कुठलं दल, त्याआधी कुठलं दार

कोल्हापुरात सकाळचे सात वाजतात तेव्हा इथं अमेरिकेतल्या जॉर्जियात रात्र झालेली असते, आणि भाच्याचा फोन येतो. सोळाशे मीटर पळून आलेला, धापा टाकत. महिनाभर प्रश्न एकच: "आत्या, आर्मी का नेव्ही का एअर फोर्स?"

घरात तट पडलेत. आमचे आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार होऊन आले; त्यांच्या लेखी बेळगावच्या सेंटरपलीकडं फौज नाही. वहिनीला नेव्हीचा पांढरा गणवेश भारी वाटतो. दादा म्हणतो, एअर फोर्समध्ये जिवाला धोका कमी. (कुणी सांगितलं याला?)

पोरगा फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालाय आणि पळतोय अग्निवीरच्या भरतीसाठी. मला खटकतं ते हे. 2022 पासून त्या दारानं शिपाई म्हणून आत गेलं की चार वर्षं, मग तुकडीतले जास्तीत जास्त पंचवीस टक्केच कायम. त्यावरून आपल्याकडं टपरीवर तावातावानं भांडणं होतात, पण पदवीधरासाठी सीडीएस नावाचं दुसरं, थेट अधिकारी होण्याचं दार आहे हे त्या भांडणात कुणी काढत नाही. यूपीएससी ती परीक्षा वर्षातून दोनदा घेते. शेवटच्या वर्षाच्या पोरांनाही बसता येतं. डेहराडूनच्या आयएमएला, म्हणजे आर्मीच्या अकादमीला, कुठलीही पदवी चालते. आर्मीच्याच चेन्नईच्या ओटीए अकादमीलाही चालते, आणि तिथं गणिताचा पेपरच नाही. हवाई दलाच्या अकादमीला बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं, ते याच्याकडं आहे. सीडीएसमधून एझिमलाच्या नौदल अकादमीला मात्र इंजिनिअरिंगची पदवी लागते. म्हणजे वहिनीचा पांढरा गणवेश या दारावर तरी बाद. जेवणाच्या ताटावर महिनाभर भांडलेला तिसरा भाग एका ओळीत संपला.

मी राहते त्या कोलंबस गावाला लागूनच फोर्ट बेनिंग हा आर्मीचा तळ आहे. 2023 मध्ये त्याचं फोर्ट मूर केलं, 2025 मध्ये परत बेनिंग. पाट्या रंगवणाऱ्याचं भलं झालं. इथल्या आर्मीची अधिकारी घडवणारी ऑफिसर कँडिडेट स्कूल तिथंच, बारा आठवड्यांची. इथं सक्तीची भरती 1973 मध्येच थांबली, त्यामुळं फौजेला माणसं पटवून आणावी लागतात. बाजारात भरतीचं ऑफिस किराणा दुकानाच्या शेजारी असतं. आत गेलेल्या पदवीधराला तिथला सार्जंट आधी शिपाईगिरीचेच कागद दाखवण्याची शक्यता जास्त, कारण त्याला आकडा त्याचाच भरायचा असतो. पदवी आहे म्हणून चौथ्या पायरीवरून सुरुवात, शिक्षणाचा खर्च, असं बरंच गोड बोलतो. खोटं नसतं त्यात काही. पण अधिकाऱ्याचं दार विचारल्याशिवाय उघडत नाही. इथल्या आणि तिथल्या पोरांत एवढा एकच सारखेपणा मला दिसला.

मग आमचा भाचा विचारत का नाही? खोदून विचारल्यावर म्हणाला, "इंग्लिश, आत्या." सीडीएसला इंग्रजीचा पेपर, पुढं एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळापुढचे, पाच दिवस, गटात बसून बोलायचं, मुलाखत. पळताना लाज वाटत नाही, बोलताना वाटते. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखं घरटी फौजी देणारं गाव आहे, तालमी आहेत, पळायला शिकवणाऱ्या अकादम्या गल्लोगल्ली आहेत. पण पाच दिवस परक्यांपुढं तोंड उघडायचं कसं, हे आमच्या भागात पोरांना फार कमी ठिकाणी शिकवतात. मीही पहिली दोन वर्षं इथं दुकानात बोट दाखवूनच सामान घेतलं होतं, त्यामुळं त्याला हसायचा मला हक्क नाही.

दादाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तिकडं बसून सांगायला तुझं काय जातंय? एसएसबीतनं परत आला तर हातात काय?" या प्रश्नावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: सीडीएसचा फॉर्म भरायचा, पळणंही सोडायचं नाही. आणि रोज सकाळी सातला आत्याशी वीस मिनिटं इंग्रजीतच बोलायचं. काल पहिला दिवस होता. सहा मिनिटं टिकला.