‘चांगले चार दात का काढायचे?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

दात काढून तारा लावण्याविषयी मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तिचा सारांश आधी देते. तुमच्या १३ वर्षांच्या मुलीचे पुढचे दात वेडेवाकडे आहेत. एका डॉक्टरांनी चार उपदाढा (सुळा आणि दाढा यांच्यामधले दात) काढून तारा लावायला सांगितलं आणि दोन वर्षं लागतील म्हणाले. दुसऱ्यांनी एकही दात न काढता अलायनरने, म्हणजे दातांवर चढवायच्या प्लास्टिकच्या टोप्यांनी, आठ महिन्यांत काम होईल असं सांगितलं. तुमचा सवाल असा, की न किडलेले दात उपटणं हा उपचार कसा होतो? नवी साधनं आली तरी माझ्यासारखे डॉक्टर जुन्याला का धरून बसतात? दोन वर्षं हा बिल वाढवायचा मार्ग कशावरून नाही? आणि शेवटी, तुमच्या मावसबहिणीचे चार दात काढले होते, तरी तिचे खालचे दात पुन्हा वाकडे झालेच.

मावसबहिणीपासून सुरू करते, कारण तिथे चूक माझी आहे. ‘जागा करून दात सरळ केले की ते तसेच राहतात’ असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिट्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदाढा काढून उपचार झालेल्या ६५ जणांच्या दातांचे साचे तपासले. रिटेनर (सरळ झालेले दात जागच्या जागी धरून ठेवणारं साधन) बंद होऊन किमान दहा वर्षं झालेली ही माणसं होती. १९८१ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले तेव्हा सुमारे दोनतृतीयांश जणांच्या खालच्या पटाशीच्या दातांची रांग समाधानकारक राहिलेली नव्हती. म्हणजे दात काढल्याने ती रांग जन्मभर टिकेल याची हमी मिळत नाही. दात काढा नाहीतर ठेवा, रिटेनर वर्षानुवर्षं लावावाच लागतो. लेखातलं ते वाक्य मी काढून टाकलं आहे.

दात काढण्याबद्दलचा तुमचा संशयही निराधार नाही. दात सरळ करण्याच्या आमच्या शाखेचे आद्य गुरू एडवर्ड अँगल यांचा दात काढायला कडाडून विरोध होता. सगळे दात जबड्यात बसलेच पाहिजेत, हे त्यांचं ठाम मत. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी आधी गुरूंच्या मार्गाने रुग्ण बरे केले, आणि मग पुढे आलेले ओठ आणि पुन्हा वाकडे होणारे दात पाहून अस्वस्थ झाले. त्याच रुग्णांच्या चार उपदाढा काढून त्यांनी पुन्हा उपचार केले आणि १९४० मध्ये अशा १०० जणांचे आधीचे व नंतरचे साचे सहव्यावसायिकांसमोर मांडले. ट्वीड यांचं हे धाडस मला आजही मोठं वाटतं; स्वतःचं काम फसलं हे इतक्या उघडपणे दाखवणारा माणूस विरळा. पण त्यानंतर लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या दवाखान्यात दात काढून उपचार होणाऱ्या रुग्णांचं प्रमाण १९५३ मध्ये ३० टक्के होतं, १९६८ मध्ये ७६ टक्के झालं आणि १९९३ मध्ये पुन्हा २८ टक्क्यांवर आलं. माणसांचे जबडे काही पंधरा वर्षांत बदलत नाहीत. बदलली ती डॉक्टरांची मतं. विनाकारण दात काढले गेलेली माणसं त्या काळात नक्कीच असणार, हे मी मान्य करते.

पण या लंबकाला घाबरून ‘कधीच काढू नका’ म्हणणं हेही तितकंच चुकीचं. मी हे अनुभवावरून सांगते. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत एक मुलगी आली होती. खालच्या दातांची खूप गर्दी, हिरडी पातळ. वडिलांनी स्पष्ट सांगितलं की दात काढायचे नाहीत. मला त्यांना समजावता आलं नाही, खरं तर मी पुरेसा प्रयत्नच केला नाही. दातांची कमान रुंद केली, पटाशीचे दात पुढे कलले, रांग सुरेख दिसू लागली. सगळे खूश. चार वर्षांनी ती परत आली तेव्हा खालच्या एका दाताची हिरडी इतकी खाली उतरली होती की मूळ दिसत होतं. दात मी हाडाच्या कडेवर नेऊन ठेवला होता. तिच्या हिरडीवर शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हापासून एकही दात न काढता उपचार सुरू करताना मी हाड आणि हिरडी आधी पाहते.

तुमच्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे. दात काढायचे की नाही हे तार ठरवत नाही, अलायनरही ठरवत नाही. ते ठरतं मोजमापावर. सगळ्या दातांची रुंदी किती आणि कमानीत जागा किती, यातला फरक, म्हणजेच गर्दी, मिलिमीटरमध्ये काढायची. चार मिलिमीटरपर्यंत गर्दी असेल तर दात काढायची वेळ सहसा येत नाही. दहाच्या पुढे असेल तर बहुतेक वेळा काढावेच लागतात. मधला पट्टा वादाचा. तिथे चेहरा, ओठ, हिरडी, जबड्यांचा मेळ हे सगळं बघून निर्णय होतो, आणि तिथे दोन प्रामाणिक डॉक्टरांचं मतही वेगळं पडू शकतं.

न काढता जागा मिळवायचे मार्ग मोजकेच आहेत. दोन दात एकमेकांना टेकतात तिथलं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, किंचित घासायचं. एका जागी फार तर अर्धा मिलिमीटर. वरचा जबडा रुंद करायचा. त्याच्या मध्यभागी सांधा असतो, तो पक्का जुळण्याआधी टाळूला स्क्रू बसवून रोज थोडा फिरवला तर जबडा खरोखर रुंदावतो. खालच्या जबड्याची सोय मात्र निसर्गाने ठेवलेली नाही. त्याचे दोन भाग बाळाच्या पहिल्या वर्षातच सांधले जातात. तिथे ‘रुंद केलं’ म्हणजे दात बाहेर कलवले, आणि दोन सुळ्यांमधलं अंतर वाढवलं तर ते पुढे आपोआप कमी होत जातं. आणखी एक मार्ग म्हणजे दाढा मागे सरकवायच्या. त्यासाठी हल्ली हाडात बसवायचे छोटे स्क्रू मिळतात, पण मागे जागा तर हवी. एक उपदाढ सुमारे सात मिलिमीटर रुंद असते. दोन्ही बाजूंची काढली की एका कमानीत चौदा मिलिमीटर मोकळे होतात. एवढी जागा घासून मिळत नाही.

अलायनरला माझा विरोध नाही, मीही देते. पण दाताला लागणारी जागा प्लास्टिकची टोपी निर्माण करत नाही. एक टोपी दात साधारण पाव मिलिमीटर सरकवते, आणि तीही दिवसातले वीस-बावीस तास तोंडात असेल तरच. काढलेल्या दाताची मोठी फट मिटवताना शेजारचे दात मुळासकट सरकण्याऐवजी फटीत झुकतात, आणि ते उभे ठेवणं अलायनरला तारेपेक्षा जड जातं. स्वतःच बंद होणाऱ्या ब्रॅकेटबद्दलही तुम्ही लिहिलंत. ब्रॅकेट म्हणजे दातावर चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा; या प्रकारात तार धरायला त्यालाच बारीक दार असतं. त्यांच्या दारामुळे तार बदलणं सोपं होतं, खुर्चीवरचा वेळ वाचतो, हे खरं. पण उपचाराचा एकूण काळ त्यांनी घटतो असं तुलनात्मक अभ्यासांत दिसलेलं नाही.

आता दोन वर्षांचं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. तारेचा दाब पडला की त्या बाजूचं हाड पेशी खाऊन टाकतात आणि मागच्या बाजूला नवं हाड तयार होतं. हा व्यवहार पेशींच्या गतीने चालतो. जोर वाढवला तर पडद्यातल्या रक्तवाहिन्या दबतात, तिथल्या पेशी मरतात आणि दात आठवडे न् आठवडे जागचा हलत नाही. वर मूळ झिजायचा धोका. म्हणून हलका दाब आणि महिन्याला साधारण एक मिलिमीटर. सात मिलिमीटरची फट मिटवायला सात-आठ महिने, त्याआधी दात रांगेत आणायला काही महिने, शेवटी चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर, नीट बसवायला आणखी काही. दोन वर्षं अशी होतात. काम आठ महिन्यांत होतच नाही असं नाही. गर्दी थोडी असेल तर होतं.

म्हणून तुम्ही दोन्ही डॉक्टरांकडे हाच प्रश्न घेऊन जा: माझ्या मुलीच्या खालच्या कमानीत नेमके किती मिलिमीटर कमी आहेत? पहिल्यांना विचारा की दात काढल्यावर उरलेली जागा कुठे वापरणार, ओठ किती आत जातील. आपल्याकडे पुष्कळ मुलींना ओठ आत यायलाच हवे असतात, पण तुमच्या मुलीचे आधीच सपाट असतील तर ते आणखी आत गेलेले बरे दिसणार नाहीत. दुसऱ्यांना विचारा की न काढता जागा कुठून येणार आणि उपचारानंतर खालचे पटाशीचे दात किती पुढे असतील. बाजूने काढलेला चेहऱ्याचा एक्स-रे समोर ठेवून उत्तर मागा. जे आकडा सांगतील त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवा. आणि मुलीलाही विचारा, दोन वर्षं तोंडात तिलाच वागवायचं आहे.

जाता जाता तुम्ही धाकट्या मुलाचा उल्लेख केलात, तो नऊ वर्षांचा. त्याला मात्र लवकर दाखवा. खालची शेवटची दुधाची दाढ तिच्या जागी येणाऱ्या उपदाढेपेक्षा रुंद असते. ती पडल्यावर मागची कायमची दाढ पुढे सरकून ही जादा जागा खाते. त्या आधी जिभेच्या बाजूने एक साधी तार बसवून दाढ जागच्या जागी धरली तर दोन्ही बाजूंची ती जागा पुढच्या दातांना वापरता येते, आणि बहिणीसमोर आलेला प्रश्न त्याच्यापुढे कदाचित येणारही नाही. ही दाढ साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी पडते, म्हणजे अजून वेळ आहे. ती किडली असेल तर उपटून टाकू नका, आधी वाचते का ते बघा.